सहा वळणांचा पाया

आमच्या घराचा पाया मी स्वतःच्या हातांनी खणला. घर त्या पायावर उभं नाही.

हे वाक्य मी पाहुण्यांना सांगतो तेव्हा ते आधी हसतात, मग हळूच भिंतीकडे बघतात आणि उरलेला चहा भराभर पिऊन उठतात. निदान पुढच्या पाहुण्यांनी तरी चहा सावकाश प्यावा, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतो आहे.

मी पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीत निघालो आणि परळच्या आमच्या चाळीत परत आलो, ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. रोज मोर्चा, रोज सभा, मधूनच हरताळ. सगळी मुंबई घोषणा देत होती आणि मी एकटा गप्प होतो, कारण मी नोकरी शोधत होतो. जिथे जाईन तिथे एकच प्रकार. माजी सैनिकाला बघितलं की मुंबईकराला एकदम आपला दरवाजा आठवायचा!

"काय काय येतं तुम्हाला?" एका गिरणीच्या कचेरीत मला विचारलं.

"नकाशा वाचता येतो. तीस-पस्तीस माणसं सांभाळता येतात. तुटलेल्या पुलावरून नदी ओलांडता येते."

"वा! वा!" साहेब खूष झाले. "मग सोमवारपासून या. गेटपाशी स्टूल देतो."

अशी सात स्टुलं मी नाकारली. (आठवं स्टूल मोडकं निघालं, ते नाकारावं लागलं नाही.) घरी दहा बाय बाराची खोली आणि आम्ही आठ माणसं. मी, माझी बायको इंदू, आमची तीन मुलं, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि आये. आये म्हणजे माझी आई. मालवणहून येऊन तिला मुंबईत तीस वर्षं झाली होती, पण तिची भाषा अजून बोटीतून उतरलेली नव्हती. झोपेत कूस बदलायची तर दोन्हीकडच्या माणसांना आधी कळवावं लागे. इंदूची जगाकडे एकच मागणी होती.

"मला एक दार पाहिजे," ती म्हणायची. "आपलं. लावलं की बाहेरचं बाहेर आणि आतलं आत."

दार! ज्या वस्तूच्या बाहेर बसायला सगळी मुंबई मला बोलावत होती, तिच्या आत बसण्याची इंदूची इच्छा होती.

आणि ते दार एकदम नजरेच्या टप्प्यात आलं. सुभेदार जाधव मूळचे साताऱ्याचे, आमच्या पलटणीत आले ते लढाई संपल्यावर. पेन्शनीत आल्यावर त्यांनी लालबाग-परळ-माझगावमधले आम्ही चोवीस माजी सैनिक शिट्टी मारून गोळा केले, घरबांधणीची सोसायटी काढली आणि दोन वर्षं अर्ज करकरून सरकारकडून अँटॉप हिलच्या उतारावर जागेचा एक तुकडा मिळवला. तुकडा म्हणजे दगड, निवडुंग आणि दोन घोरपडी. पण आम्ही तो बघायला गेलो तेव्हा सगळे टोप्या काढून उभे राहिलो. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी टेकड्या घेतल्या होत्या, ही पहिली टेकडी आमच्यासाठी होती.

सरकारी पत्रात अट मात्र एक होती. अमुक सोमवारी ओव्हरसियर येऊन जागा बघेल. तोपर्यंत खोदकाम सुरू झालेलं नसेल, तर जागा यादीतल्या पुढच्या सोसायटीला जाईल.

त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे नकाशा होता, फावडी होती, चोवीस माणसं होती आणि एक हुशार गवंडी होता. शुक्रवारी तो गवंडी मोर्चात घोषणा देताना पकडला गेला.

शनिवारी चाळीच्या गॅलरीत तातडीची सभा भरली. सुभेदारसाहेबांनी निळा नकाशा सगळ्यांसमोर धरला. सगळ्यांनी तो आदराने पाहिला आणि आदराने पुढे सरकवला. सरकत सरकत तो माझ्यापाशी येऊन थांबला.

"हवालदार परब!" सुभेदारसाहेब गरजले. "तुमी बांधकामातलं. उद्या पाया तुमी आखायचा."

इथे मला थोडं मागे जायला हवं. लढाईच्या काळात मी इटलीत होतो. तिथून इंदूला पत्रं लिहायचो. त्यात खरं लिहिलं तर ती जेवायची नाही हे मला माहीत होतं. म्हणून मी लिहायचो, 'मी इथे बांधकामावर आहे. रस्ते आणि घरं बांधण्याचे काम चालू आहे. हवा चांगली आहे. काळजी करू नये.' (हवा खरंच चांगली होती.) खरी गोष्ट अशी, की इटलीत आमच्या हातून एकही घर बांधलं गेलं नाही. होती त्यातली मात्र बरीच पाडली. पण इंदू ती पत्रं आयेला वाचून दाखवायची, आये नळावर सगळ्या चाळीला सांगायची, आणि मी परत येईपर्यंत अख्ख्या परळात झालं होतं की परबांचा दत्ताराम इटलीत बंगले बांधतो. आपणहून एवढा मान मिळत असताना खुलासा कोण करतो?

त्या शनिवारीसुद्धा करता आला असता. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन इंदू गॅलरीत आली आणि अशा काही विश्वासाने माझ्याकडे बघत उभी राहिली की माझ्या तोंडून निघालं, "त्यात काय! पाया म्हणजे चार हात खड्डाच की!"

"शाब्बास!" सुभेदारसाहेब म्हणाले. सभा बरखास्त झाली.

रविवारी सकाळी दुसरी अडचण. शहरात जमावबंदी होती. पाच माणसं एकत्र दिसली की पोलिस उचलत. आम्ही चोवीस, प्रत्येकाच्या खांद्यावर फावडं नाहीतर कुदळ. शिवाय मातीचं काम म्हणजे जुने कपडे घालायचे, आणि आम्हा सगळ्यांचे जुने कपडे एकाच रंगाचे होते.

"पाच म्हंजी जमाव," सुभेदारसाहेबांनी कायद्याचा अभ्यास केला. "चार म्हंजी न्हाई. चार-चारांच्या सहा टोळ्या करा. दोन टोळ्यांत शंभर पावलं अंतर. मी एकटा पुढं चालतो. एकल्याला कुनी जमाव म्हनत न्हाई."

अशा रीतीने आम्ही परळहून अँटॉप हिलपर्यंत पायी गेलो. कोणी अडवलं नाही. लोक मात्र मोजत होते. एका दुकानदाराने तर चौथी टोळी गेल्यावर दुकानाची फळी लावून घेतली.

टेकडीवर पोचल्यावर मी नकाशा उघडला. मला नकाशा वाचता येतो हे मी वर म्हटलं आहे आणि त्यात खोटं काही नाही. पण लष्करी नकाशात डोंगर असतात, नदी असते, उत्तर दिशा असते. या निळ्या कागदावर नुसत्या रेघा! त्यातली एक रेघ न्हाणीघर होती, हे मला पुढे त्या न्हाणीघरात उभं राहिल्यावर कळलं. मी तो कागद गंभीरपणे एकदा सरळ, एकदा आडवा धरला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणालो, "हं. आलं लक्षात."

मग मी पांढरा चुना घेतला आणि उतारावर आखणी केली. काय सांगू? हातात चुना आला आणि डोकं बाजूला झालं. अठरा वर्षांची सवय! पलटणीतला खंदक कधी सरळ नसतो. सरळ खंदकात एका टोकाला बाँब पडला तर दुसऱ्या टोकापर्यंत सगळे जातात. म्हणून काही पावलं गेलं की वळण, पुन्हा काही पावलं, पुन्हा वळण. माझे पाय आपोआप मोजत होते आणि आपोआप वळत होते. त्यात सुभेदारसाहेबांचा जमावबंदीचा हिशेब मला फार सोयीचा पडला. सहा टोळ्या, म्हणून सहा वळणं! एका वळणातल्या माणसाला दुसऱ्या वळणातला माणूस दिसणार नाही. कायद्याचाही मान राहिला आणि खंदकाचाही.

पाया राहिला बाजूला.

"माती कुठल्या बाजूला टाकायची?" सुभेदारसाहेबांनी विचारलं.

"शत्रूच्या बाजूला," मी म्हणालो.

"शत्रू कुनीकडनं?"

आम्ही दोघांनी गंभीरपणे चारी दिशांना पाहिलं. पूर्वेला खाली शिवडीची खाडी चमकत होती.

"शिवडीकडून," मी म्हणालो.

"बरोबर," सुभेदारसाहेब म्हणाले. चोवीस माणसांपैकी एकालाही यात काही वावगं वाटलं नाही! सगळे खूष होऊन खणायला लागले. कित्येक महिन्यांनी कुणीतरी त्यांना माहीत असलेलं काम सांगितलं होतं. फक्त पास्कल एकटा थबकला. पास्कल डिमेलो माझगावचा, पलटणीत ट्रक चालवायचा, त्यामुळे खंदकाशी त्याचा संबंध वरवरचा होता.

"दत्ता, मॅन," तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आमच्या वाडीत एवढी घरं बघितली, पण अशी वाकडी भिंत कधी बघितली नाय."

"भूकंपासाठी," मी म्हणालो.

"अच्छा!" पास्कल म्हणाला आणि आदराने खणायला लागला. एक खोटं पचलं की दुसऱ्याला किती जागा होते हे मला त्या दिवशी कळलं.

अकराच्या सुमाराला खंदक, म्हणजे पाया, छातीइतका खोल झाला होता. बाजू अशा तासलेल्या की हात फिरवावा. शिवडीच्या बाजूला मातीचा सुरेख बांध. मी वर उभा राहून कामाकडे बघत होतो. असं आपण कुठेतरी पाहिलं आहे असं वाटलं. पण घर असं वाटलं नाही.

नेमकी तेव्हाच इंदू आणि आये टेकडी चढून आल्या. इंदूच्या हातात पूजेचं ताट आणि नारळ, आयेच्या हातात छत्री आणि घावण्यांचा डबा. भूमिपूजन करायचं होतं. इंदूने मातीच्या बांधावरून खाली डोकावून पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिची नजर वळणं घेत गेली.

"अहो," ती म्हणाली, "दार कुठे येणार?"

"ते... त्या दुसऱ्या वळणाच्या पुढे."

"आणि स्वयंपाकघर?"

"वळणातच."

आयेने छत्री मिटली आणि टोकाने खंदक दाखवला. "झिला, ह्यां घर आसा की घोरपडीचां बीळ?"

"आये, हा नुसता पाया. वर भिंती आल्या की छान दिसेल."

"माका खाली उतरव," आये म्हणाली. "वर ऊन लागता."

आयेला आम्ही दोघांनी धरून सहाव्या वळणात उतरवलं. तिथे पास्कल आणि आणखी तिघे जेवायला बसले होते. गार सावलीत पाठ टेकून ती घावणे वाटायला लागली. इंदू वरच राहिली. नारळ हातात धरून ती खंदकाकडे बघत होती, आणि तिचा चेहरा बघून मला इटलीत परत जावंसं वाटलं.

एवढ्यात खालच्या रस्त्यावर पोलिसांची गाडी येऊन थांबली.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. वरच्या सरकारी वस्तीतल्या कुणीतरी खिडकीतून पाहिलं होतं. चळवळीचे दिवस, मुंबईच्या टेकडीवर खाकी कपड्यांतले चोवीस लोक, हुकमावर चालणारे, आणि खणताहेत काय, तर खंदक! तोंड बंदराकडे! त्याने सरळ पोलिस ठाण्याला फोन लावला आणि सांगितलं की संयुक्त महाराष्ट्रवाल्यांनी लढाई सुरू केली.

फौजदार आठ शिपाई घेऊन टेकडी चढला. आम्हाला बघून त्याने त्याच्या रिवाजाप्रमाणे शिट्टी फुंकली. आमच्या रिवाजाप्रमाणे लांब शिट्टी म्हणजे विमानं आली! क्षणात टेकडीवरची सगळी डोकी नाहीशी झाली. मीसुद्धा उडी मारून दिसेनासा झालो. वर राहिले फक्त सुभेदारसाहेब, सावधान अवस्थेत, आणि नारळ घेतलेली इंदू.

"बाहेर या सगळे!" फौजदार ओरडला. "जमावबंदी आहे, ठाऊक नाही?"

"जमाव न्हाई, साहेब," सुभेदारसाहेब शांतपणे म्हणाले. "चार-चारच हायती."

"मला शिकवता? वीस-पंचवीस जण आहेत!"

"एका जागी चारच. मोजून घ्या."

फौजदार तरुण होता आणि इरेला पेटला होता. त्याने खरंच पहिल्या वळणात उडी मारली. आतल्या चौघांनी कडक सलाम ठोकला. फौजदाराचा हात आपोआप वर गेला. "चार," तो पुटपुटला. तो वळला. पुन्हा चौघे, पुन्हा सलाम. "चार." तिसऱ्या वळणावर त्याची टोपी तिरकी झाली. चौथ्या वळणावर तो मागे बघू लागला की हे मघाचेच चौघे तर धावत पुढे येत नाहीत ना. पाचव्यात मी होतो. "चार," तो जरा रडव्या आवाजात म्हणाला. आणि सहाव्या वळणावर त्याची विजयी आरोळी ऐकू आली.

"पाच! इथे पाच आहेत! चला, गाडीत बसा!"

आम्ही सगळे वर येऊन सहाव्या वळणात डोकावलो. पाचवी आये होती.

"माका धरतंस?" आयेने त्याच्या हातावर एक घावणा ठेवत विचारलं. "आधी खाऊन घे. मगे धर."

"साहेब," इंदू बांधावरून म्हणाली, "त्या जमाव नाहीत. सासूबाई आहेत."

फौजदार हातातल्या घावण्याकडे बघत कायद्यातलं कलम आठवू लागला. मला मात्र दरदरून घाम फुटला होता. सगळ्यांना गाडीत घालून नेलं तर उद्या ओव्हरसियर येणार आणि इथे काय बघणार? चोवीस घरांची जागा गेली. इंदूचं दार गेलं. तेही माझ्या आखणीमुळे.

"उद्या ओव्हरसियर येणार आहेत हो," मी फौजदाराला हात जोडून म्हणालो. "उद्या संध्याकाळी आम्हाला न्या. आम्ही स्वतःहून येऊ. चार-चार करून."

"उद्या नाही," मागून आवाज आला. "उद्या हरताळ आहे, म्हणून मी आजच आलो."

सोला हॅट घातलेले, बगलेत कागदांची गुंडाळी धरलेले एक बारीक गृहस्थ धापा टाकत वर आले. ते गुप्ते ओव्हरसियर. त्यांनी आधी पोलिस पाहिले, मग आये पाहिली, मग खंदक पाहिला आणि शेवटी आपल्या हातातला नकाशा पाहिला. मग चष्मा पुसून सगळं त्याच क्रमाने पुन्हा पाहिलं.

"हे काय आहे?"

"पाया," मी म्हणालो.

"कशाचा?"

"आमच्या इमारतीचा."

"मग भिंती काय नाचत बांधणार?" गुप्ते म्हणाले. "आखणी कुणी केली?"

चोवीस माणसं, आठ शिपाई आणि एक फौजदार यांनी माझ्याकडे पाहिलं. सुभेदारसाहेबांनी अभिमानाने पाहिलं, हे सगळ्यांत वाईट.

"आमचं हवालदार परब," ते म्हणाले. "इटलीत बांधकामावर व्हते."

आता पुढे खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. भूकंपसुद्धा वापरून झाला होता. मी इंदूकडे पाहिलं नाही. समोरच्या निवडुंगाकडे बघत म्हणालो, "नव्हतो, साहेब. मी एक दिवससुद्धा बांधकामावर नव्हतो. मी लढाईत होतो. तीन वर्षं खंदकात राहिलो, खंदक खणले. मला एवढंच खणता येतं. घरच्यांनी काळजी करू नये म्हणून पत्रात बांधकाम लिहिलं, आणि नंतर... नंतर बरं वाटायला लागलं."

मग सहाव्या वळणातून आये वर चढायला लागली. मी हात पुढे केला तर तिने तो झिडकारला आणि स्वतःच चढून आली. माझ्यासमोर उभी राहिली.

"तू लढाईत होतंस?"

"हो, आये."

"असल्या बिळात?"

"हो."

"पाऊस इलो तर रे?"

"भिजायचो."

"आणि गोळये?"

"त्या... वरून जायच्या."

लढाई संपून बारा-तेरा वर्षं झाली होती, पण माझी आई त्या दिवशी अकरा-साडेअकराला अँटॉप हिलवर पहिल्यांदा घाबरली. तिने आधी छत्रीने माझ्या पाठीत दोन दणके घातले. मग मला धरून जी रडली, ती रडली! फौजदाराने टोपी काढली. मी अठरा वर्षांत रडलो नव्हतो, तो चोवीस सैनिकांसमोर हवालदाराच्या हुद्द्यासकट रडलो. कितीतरी दिवस छातीवर ठेवलेलं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

मग मी इंदूकडे वळलो. "तुला फसवलं मी."

"मला?" इंदू म्हणाली. "तुमच्या मांडीतून गोळी काढलेली खूण मी बघितली नाही का? बांधकामावर कुणी गोळ्या घालतं? मला सगळं ठाऊक होतं. सासूबाईंसाठी गप्प बसले."

"मग काल सभेत मला थांबवलं का नाहीस?"

"मला काय माहीत?" इंदूचा आवाज चढला. "मला वाटलं, खंदक खणतात म्हणजे निदान सरळ खणत असतील!"

गुप्ते ओव्हरसियर मात्र या कौटुंबिक प्रकरणात नव्हतेच. ते केव्हाच टेप घेऊन खंदकात उतरले होते. एका वळणातून त्यांची हॅट पुढच्या वळणात जाताना दिसत होती. शेवटच्या टोकाला ते वर आले, तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

"हे खणायला किती दिवस लागले?"

"आज सकाळीच सुरू केलं," मी म्हणालो.

"खोली सगळीकडे सारखी. बाजू ओळंब्यात. कुठे ढासळलेलं नाही," ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी गुंडाळीतून एक छापील कागद काढला. "‘खोदकाम सुरू आहे काय?’ एवढंच यात विचारलं आहे. आहे. कसलं, ते विचारायला रकाना नाही." आणि त्यांनी खाली सही ठोकली.

जागा राहिली! चोवीस माणसांनी एकदम जो जयघोष केला तो ऐकून फौजदार पुन्हा शिट्टी शोधायला लागला.

"थांबा," गुप्ते म्हणाले. "हा पाया मात्र बाद. आठ दिवसांत दुसरा गवंडी आणा, आठ फूट मागे दोरी बांधा आणि ती दोरी," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "यांच्या हातात देऊ नका. हे खणलं आहे ते बुजवूही नका. वरच्या वस्तीचं पाणी याच उताराने खाली येतं, इथे गटार करायचंच आहे. उतारावरचं गटार सरळ ठेवलं तर पाणी सुसाट सुटतं. त्याला अशी वळणंच लागतात. ही वळणं समजावून सांगता सांगता माझे मजूर पळून जातात. तुमची माणसं असलं काम घेतील का? या बाजूला अजून पुष्कळ गटारं व्हायची आहेत."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "म्हणजे... कुणाच्या दरवाजाशी बसावं लागेल?"

"बसावं नाही लागणार. गटारात उभं राहावं लागेल."

"चालेल!" मी म्हणालो. ते इतक्या जोरात म्हणालो की आठही शिपाई सावधान उभे राहिले.

इंदूने नारळ माझ्या हातात दिला. तो मी फोडला, आणि सुदैवाने तो सरळ फुटला. आयेने सगळ्यांना खोबरं वाटलं. पोलिसांनाही वाटलं. चार-चार करून बसायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. फौजदार खोबरं चघळत माझ्याजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हवालदार, एखादी खोली शिल्लक आहे का हो? आमच्या क्वार्टरमध्ये नऊ जण आहोत."

"ही फक्त माजी सैनिकांची सोसायटी आहे, साहेब."

"माझा मेव्हणा होता की पलटणीत!" फौजदार म्हणाला. "बँडमध्ये."

पुढच्या रविवारी दुसऱ्या गवंड्याने पाया आखला. मला लांब, टेकडीच्या पायथ्याशी पाणी भरायला ठेवलं होतं. संयुक्त महाराष्ट्र झाला त्याच सुमाराला आमच्या भिंती छपरापर्यंत पोचल्या आणि मग एके दिवशी आम्ही आठही जण राहायला गेलो. पहिल्या संध्याकाळी इंदूने दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. असं तिने किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मी आत बसलो होतो, स्टुलावर. ते मी स्वतःच्या पैशाने आणलं होतं.

आज मी गटारांचा कंत्राटदार आहे. सुभेदारसाहेब देखरेख करतात, पास्कल ट्रक चालवतो, आणि शिवडीपासून परळपर्यंत पावसाचं पाणी जिथे जिथे शहाण्यासारखं वळून जातं तिथे आमचा हात आहे असं समजायला हरकत नाही. माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत, इंजिनियर मला खुर्ची देतात. पण परवा घरी इंदूच्या तुळशीची माती जरा घट्ट झालेली दिसली, म्हणून मी खुरपं हातात घेतलं, तर ती स्वयंपाकघरातून धावत आली.

"ठेवा ते खाली!" ती म्हणाली. "मी माळ्याला सांगितलंय. तुळस तरी मला सरळ हवी आहे."